कुंपणावरचे सामूहिक भित्तिचित्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूला एक गृहनिर्माण सोसायटी आणि तिच्यामागची जुनी वस्ती यांच्यामध्ये जी भिंत उभी आहे, ती दोन्हीकडच्या रहिवाशांनी मिळून रंगवली. तेव्हापासून इतर वसाहतींतून आम्हाला प्रश्न येत राहतात. काही रंगाविषयी आणि परवानग्यांविषयी असतात, तर बरेचसे मेक्सिकोच्या सीमेवरील चित्रांविषयी असतात, कारण त्या चित्रांची छायाचित्रे पाहूनच अनेकांना ही कल्पना सुचलेली असते. प्रश्न शक्य तितके आले त्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. कुंपणावरचे सामूहिक भित्तिचित्र म्हणजे नेमके काय? ठेकेदाराकडून भिंत रंगवून घेण्यापेक्षा ते वेगळे कसे?

ठेकेदार सुशोभीकरणासाठी भिंत रंगवतो तेव्हा चित्र काय असावे हे पैसे देणारा ठरवतो आणि रंगारी ते उतरवतो. सामूहिक चित्रात विषय, आराखडा आणि रंगकाम या तिन्हींत त्या भिंतीशेजारी राहणाऱ्यांचा हात असतो. चित्रकार असला तरी त्याचे काम मुख्यतः मार्गदर्शनाचे असते. भिंत कुंपणाची असेल तर आणखी एक गोष्ट येऊन मिळते. शाळेच्या किंवा घराच्या भिंतीला रस्त्याकडची एकच दर्शनी बाजू असते, पण कुंपणाला दोन असतात आणि दुसरी बाजू बहुतेक वेळा दुसऱ्याच लोकांच्या दारासमोर असते. या पानावरील निम्मे प्रश्न या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

२. मेक्सिको आणि अमेरिका यांच्या सीमेवरच्या कुंपणावर चित्रे कोणी काढली आहेत?

एका व्यक्तीने किंवा एका संस्थेने नव्हे. ही सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटर लांब आहे, कुंपण तिच्या काही भागांतच आहे आणि चित्रे प्रामुख्याने सीमेलगतच्या मेक्सिकन शहरांत आहेत. त्यांपैकी तिहुआनात कुंपण थेट प्रशांत महासागराच्या पाण्यात उतरते.

सर्वांत मोठा सामूहिक प्रयत्न चित्रकार एनरिके चिऊ यांचा आहे. ‘बंधुभावाचे भित्तिचित्र’ अशा अर्थाच्या स्पॅनिश नावाने त्यांनी २०१६ च्या अखेरीस तिहुआनात काम सुरू केले आणि पुढे त्यात हजारो स्वयंसेवक सहभागी झाले. त्याआधी, २०११ मध्ये, आना तेरेसा फर्नांदेस यांनी तिहुआनाच्या किनाऱ्यावर कुंपणाचे खांब आकाशाच्या निळ्या रंगात रंगवले. हेतू असा, की दुरून पाहणाऱ्याला तेवढ्या भागात कुंपण नाहीसे झाल्यासारखे वाटावे. २०१९ मध्ये लिझबेथ दे ला क्रूझ सांताना यांनी तिथेच अमेरिकेतून हद्दपार झालेल्या माणसांचे चेहरे लावले आणि सोबत क्यूआर कोड दिले. मोबाइल समोर धरला की त्या माणसाची कहाणी त्याच्याच आवाजात ऐकू येई.

जागा आणि साहित्य यांचा चित्रावर किती परिणाम होतो हेही इथे दिसते. १९९० च्या दशकातले कुंपण व्हिएतनाम युद्धाच्या काळातील, हेलिकॉप्टर उतरवण्यासाठी वापरलेल्या पोलादी पत्र्यांचे होते, त्यामुळे रंगवायला सलग पृष्ठभाग मिळे. पुढे अनेक ठिकाणी उभ्या पोलादी खांबांचे कुंपण आले. अशा खांबांवरचे चित्र समोरून पाहिले तर फटींतून पलीकडचे दृश्य त्यात मिसळते आणि तिरपे पाहिले की फटी मिटून ते सलग होते. लोखंडी गजांचे कुंपण रंगवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

३. ती चित्रे अमेरिकेच्या बाजूने दिसतात का?

बहुतेक दिसत नाहीत. हा प्रश्न सर्वांत कमी लोक विचारतात, पण आमच्या मते तोच पहिला विचारला जावा. चित्रे मेक्सिकोच्या बाजूला आहेत, कारण तिथे कुंपण नागरी वस्तीला लागून आहे आणि लोक त्याच्यापर्यंत पोहोचू शकतात. अमेरिकेच्या बाजूला सीमा गस्तीचा पट्टा आहे आणि तिथे कोणी ब्रश घेऊन उभा राहू शकत नाही. १९८९ पूर्वी भिंतीने दोन भागांत विभागलेल्या बर्लिनमध्येही हेच होते. पश्चिमेकडचा भाग रंगांनी भरलेला होता, तर पूर्वेकडे पहाऱ्याचा मोकळा पट्टा आणि कोरी भिंत. कुंपणाच्या कोणत्या बाजूला चित्र आहे, एवढ्यावरून ते कोणी कोणासाठी उभारले आहे याचा अंदाज बांधता येतो.

या अडचणीवर काहींनी उपाय शोधले. जे. आर. या नावाने काम करणाऱ्या फ्रेंच कलाकाराने २०१७ मध्ये तेकाते या गावी मेक्सिकोच्या जमिनीवर उंच मचाण उभारून कुंपणावरून डोकावणाऱ्या एका लहान मुलाचे प्रचंड छायाचित्र लावले. ते कुंपणावर नव्हते, कुंपणामागे होते, म्हणून अमेरिकेतून दिसत होते. शेवटच्या दिवशी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच लांब पंगत मांडली गेली आणि गस्तीवरच्या एका अमेरिकी जवानाने गजांतून त्या कलाकाराबरोबर चहा घेतला. जुलै २०१९ मध्ये रोनाल्ड रायल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेलो या वास्तुरचनाकारांनी तर चित्राचा नादच सोडला आणि खांबांच्या फटींतून तीन गुलाबी सी-सॉ आरपार बसवले. एका टोकाला एका देशातले मूल आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या देशातले, असा तो खेळ तासभरही चालला नाही, पण चालला तेवढा वेळ दोन्ही बाजूंनी चालला.

४. बर्लिनच्या भिंतीवरची प्रसिद्ध चित्रे याच प्रकारची समजायची का?

नाही. आज जी पाहायला पर्यटक जातात ती १,३१६ मीटर लांबीची चित्रे भिंत निरुपयोगी झाल्यानंतर, १९९० मध्ये, २१ देशांतील ११८ कलाकारांनी पूर्वेकडच्या बाजूवर काढली. तोवर भिंत अडवत नव्हती, ती आठवण झाली होती. आपल्याकडची कुंपणे मात्र वापरात असतात, म्हणून तुलना करायचीच तर तिहुआनाशी करावी. बर्लिनमध्ये नंतर दुरुस्तीवरून जे मतभेद झाले, ते प्रश्न १७ मध्ये पाहा.

५. कुंपण सुंदर केले म्हणजे आपण ते मान्यच केले, असे होत नाही का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. बँक्सी या ब्रिटिश कलाकाराने २००५ मध्ये वेस्ट बँकमध्ये इस्रायलने उभारलेल्या भिंतीवर चित्रे काढली, तेव्हा एका वृद्ध पॅलेस्टिनी गृहस्थाने त्याला सुनावले, की तू भिंत सुंदर करतो आहेस; आम्हाला ती सुंदर नको, आम्हाला ती नकोच आहे, तू घरी जा. हा किस्सा बँक्सीने स्वतःच सांगितला आहे.

आमच्या बैठकीतही वस्तीतल्या एका मावशींनी जवळपास हेच विचारले. भिंतीमुळे त्यांच्या मुलांना शाळेत जायला वळसा पडतो. त्यावर फुले काढून तो वळसा कमी होणार आहे का? होणार नव्हता, आणि तसे आम्ही त्यांना सांगितले. आमचे मत असे, की चित्र हे भिंतीच्या तक्रारीवरचे उत्तर म्हणून पुढे करू नये. तक्रार वेगळी मांडावी आणि चित्रात तिला जागा ठेवावी. आमच्या चित्रात वस्तीच्या बाजूला दप्तर घेतलेली मुले भिंतीच्या कडेने लांबच लांब चालताना दिसतात, ती त्या बैठकीनंतर आली.

६. भारताच्या सीमेवरील कुंपणावर असा उपक्रम करता येईल का?

व्यवहारात नाही. भारत-बांगलादेश कुंपण १९७५ च्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे सर्वसाधारणपणे सीमारेषेपासून १५० यार्ड आत आहे, तिथे सीमा सुरक्षा दलाची गस्त असते आणि तारेच्या जाळीला रंगवण्याजोगा पृष्ठभागही नसतो. गावातल्या कुंपणांवर पुष्कळ काम बाकी आहे.

७. परवानगी कोणाकडून घ्यावी लागते?

भिंत ज्याच्या मालकीची, त्याची लेखी संमती ही किमान अट आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत अध्यक्ष किंवा सचिव यांनी तोंडी दिलेला होकार पुरेसा नसतो. सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा आणि त्यात खर्च, कालावधी आणि पुढील देखभाल यांचा उल्लेख करावा. भिंत महापालिकेची, शाळेची किंवा उद्यानाची असेल तर संबंधित विभागाकडे आराखड्यासह अर्ज द्यावा. संमतीशिवाय सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या मालमत्तेवर काही रंगवणे हे मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९९५ च्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकते आणि हेतू चांगला होता ही सबब तिथे चालत नाही.

देवळाली छावणीच्या, नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्याच्या आणि रेल्वेच्या भिंतींविषयी दर दोन-तीन महिन्यांनी विचारणा होते. त्या सोडून द्या. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्त्याची कामे निघत असल्याने आपली भिंत रुंदीकरणाच्या आखणीत येते का, हेही आधी पाहून घ्यावे.

८. भिंत आमची आहे आणि आम्ही फक्त आमचीच बाजू रंगवणार आहोत. पलीकडच्यांना का विचारायचे?

कायद्याने विचारावे लागेलच असे नाही, तरी विचारावे. पहिल्या वर्षी आम्ही स्वतः ही चूक केली. सोसायटीची बाजू उत्साहाने रंगवली, पलीकडे कोणाला कळवलेही नाही. वस्तीतल्या बायका त्या भिंतीवर गोधड्या वाळत घालतात आणि उन्हाळ्यात तिच्या सावलीत पापड, कुरडयांचा घाट घालतात. भिंतीच्या माथ्यावरून ओघळलेला ओला रंग दोन गोधड्यांना लागला, तारब्रशने घासल्याची धूळ वाळवणावर बसली आणि आम्ही मात्र अलीकडे उद्घाटनाचा नारळ फोडत होतो. त्यानंतर बोलणी पूर्ववत व्हायला सहा महिने गेले.

दुसऱ्या वर्षी बैठक आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात घेतली, सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये नाही. हा बदल क्षुल्लक वाटेल, पण कोण कोणाकडे पाहुणा म्हणून जातो यावर बोलण्याचा सूर ठरतो. पलीकडच्यांनी स्पष्ट नकार दिला तर त्यांची बाजू कोरी ठेवावी आणि काम त्यांच्या सोयीच्या वेळी करावे. कोरी बाजू हेही त्यांचे उत्तरच असते.

९. भिंतीच्या हद्दीवरून शेजाऱ्यांशी वाद चालू आहे. तरी रंगवता येईल का?

थांबावे. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी होईपर्यंत रंगकाम केले, की एक पक्ष ते ताबा दाखवण्यासाठी वापरेल असा संशय दुसऱ्याला येतो, आणि तो अनेकदा निराधारही नसतो. अगदीच घाई असेल तर चित्रामुळे कोणाचाही मालकीहक्क निर्माण होत नाही वा संपत नाही, असे दोन्हीकडच्या सह्यांचे पत्र आधी करून घ्यावे.

१०. नाशिकच्या हवेत रंगकाम केव्हा करावे? रंग किती लागतो?

दसऱ्यानंतर, पावसाची ओल भिंतीतून निघून गेल्यावर सुरुवात करावी आणि होळीच्या आत संपवावे. एप्रिल-मेच्या उन्हात ब्रश भिंतीला लागतो न लागतो तोच रंग सुकतो आणि जोड दिसतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी भिंतीवर दव असते, म्हणून दहाच्या आधी हात लावू नये.

तयारीला रंगकामापेक्षा जास्त दिवस द्यावेत. शेवाळ तारब्रशने काढून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावे, जुना चुना खरवडून काढावा कारण चुन्यावर इमल्शन धरत नाही, भेगा भराव्यात आणि नवा गिलावा असल्यास तो किमान चार आठवडे मुरू द्यावा. जमिनीलगतच्या फूट-दीड फुटात ओल आणि लोणा असतोच. तिथे बारीक चित्रकाम करू नये, साधा गेरूचा पट्टा ठेवावा, म्हणजे दरवर्षी पुन्हा मारता येतो. प्रायमरनंतर बाहेरच्या भिंतींसाठीचे ॲक्रिलिक इमल्शन वापरावे. दोन हात द्यायचे असतील तर एक लिटर साधारण ५० ते ६० चौरस फुटांना पुरते. म्हणजे १०० फूट लांब आणि ६ फूट उंच भिंतीच्या एका बाजूला फक्त पार्श्वभूमीसाठी १० ते १२ लिटर लागतील. गेरू, पिवळी माती आणि काळा हे रंग उन्हात टिकतात. राणी रंग आणि झगझगीत पिवळा सर्वांत आधी उडतात.

११. आमचे कुंपण पत्र्याचे किंवा जाळीचे आहे. त्यावर चित्र होईल का?

होईल, पण पद्धत वेगळी. गंजलेला लोखंडी पत्रा पॉलिश पेपरने घासून त्यावर रेड ऑक्साइड आणि मग ऑइलपेंट द्यावा. जस्ताचा नवा कोरा पत्रा रंग धरत नाही, त्याची पापडी सुटते. त्याला जस्तासाठीचा खास प्रायमर लावावा किंवा एक-दोन पावसाळे जाऊ द्यावेत. जाळीवर रंग व्यर्थ आहे. तिच्यात जुन्या साड्यांच्या पट्ट्या विणून आकृती काढता येतात आणि त्या दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात, हे भिंतीला कधीही न जमणारे आहे.

आणखी एक मार्ग तिहुआनाच्या २०१९ च्या चित्राने दाखवला. त्यातले चेहरे आधी पॉलिस्टरच्या कापडावर रंगवून, गुंडाळून आणून कुंपणावर चिकटवले होते. ज्यांना भिंतीपाशी तासन्‌तास उभे राहता येत नाही, अशा वृद्धांसाठी ही रीत उपयोगाची आहे.

१२. ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांनी आणि मुलांनी काय करायचे?

भिंत घासणे, नीळ लावलेल्या दोरीने सरळ रेषा मारणे, आराखड्याच्या चौकटी भिंतीवर मोठ्या करणे आणि चौकटीत क्रमांकानुसार रंग भरणे या कामांना सुबक हात लागत नाही. मुलांना चार फुटांच्या वरचे काम देऊ नये आणि ऑइलपेंट, थिनर, ब्लीचिंग यांपासून त्यांना दूर ठेवावे.

१३. वारली चित्रे सोपी असतात. तीच काढू का?

सोपी दिसतात. नाशिकमध्ये दर तिसऱ्या भिंतीवर तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती गोल फेर दिसतो, आणि त्यातले बरेच फेर तारपा कधी न ऐकलेल्यांनी काढलेले असतात. वारली समाज आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागांत आहे. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तोवर ही कला जगभर पोहोचली होती. तिची शैली हवी असेल तर त्या समाजातल्या कलाकाराला बोलवावे, रंगाऱ्याची मजुरी नव्हे तर कलाकाराचे मानधन द्यावे आणि चित्रावर नाव लिहावे. लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी मात्र सजावट म्हणून घेऊ नये. तो चौक सुवासिनी लग्नविधीचा भाग म्हणून घराच्या भिंतीवर लिहितात, रस्त्याकडेच्या कुंपणासाठी नाही.

१४. लोक भिंतीपाशी लघवी करतात. देवांची चित्रे काढली तर थांबतील ना?

काही थांबतील, काही दोन पावले पुढे सरकतील आणि पहिल्या पावसानंतर रंग उडालेल्या देवाचे काय करायचे हा नवा प्रश्न उभा राहील. पुसणाऱ्यावर रोष येतो आणि ठेवणाऱ्यावरही. शिवाय भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच श्रद्धेचे लोक असतील असे धरून चालता येत नाही. तिथे दिवा लावून घ्यावा आणि जवळ मुतारीची मागणी करावी.

१५. भिंतीवर कवितेच्या ओळी किंवा थोर व्यक्तींची चित्रे चालतील का?

संतवाङ्मय मुक्त आहे. आधुनिक कवींच्या बाबतीत मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क चालतो. नाशिककर सर्वांत आधी कुसुमाग्रजांचे नाव घेतात. त्यांचे निधन १९९९ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या कवितांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे आणि संमती मागणे योग्य. थोर व्यक्तींच्या चेहऱ्यांविषयी आमचा नियम कडक आहे: हौशी हाताने काढायचे नाहीत. चेहरा बिघडला तर तो अवमान समजला जातो. प्रसंग दाखवता येतात. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह बंद दरवाजा आणि समोरची पावले एवढ्यावर सांगता येतो, आणि कुंपणावर तो विषय अस्थानीही नाही.

१६. चित्रात कमळ, घड्याळ, मशाल किंवा धनुष्यबाण आला तर निवडणुकीत अडचण होईल का?

तळ्यातले कमळ हे फूल आहे आणि शिकाऱ्याच्या हातातला धनुष्यबाण हे शस्त्र आहे. पण आचारसंहितेच्या काळात कोणीतरी तक्रार करतेच आणि तुमच्या आवडत्या कोपऱ्यावर कागद चिकटतो. आकार पक्षचिन्हासारखा ठसठशीत आणि एकटा ठेवू नये. कमळे पाच-सात काढावीत.

१७. चित्रावर हक्क कोणाचा? सोसायटी ते पुसू शकते का? कोणी त्याचा फोटो छापला तर?

भिंतीची मालकी आणि चित्राचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्वामित्वहक्क कायदा १९५७ च्या कलम ५७ नुसार आपल्या कृतीची मानहानीकारक मोडतोड रोखण्याचा हक्क कलाकाराला, हक्क विकल्यानंतरही, असतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. म्हणून देखभाल, बदल आणि पुसणे याविषयीचा करार ब्रश हातात घेण्याआधी लिहावा. बर्लिनमध्ये २००९ च्या दुरुस्तीत मूळ कलाकारांना स्वतःची चित्रे पुन्हा रंगवण्यास सांगितले, तेव्हा काहींनी मोबदल्यावरून नकार दिला.

फोटोबाबत कायद्यात एक विचित्र भेद आहे. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र छापायला मोकळीक आहे, रंगचित्राच्या छायाचित्राला ती नाही. मात्र चित्रपटात दोन्ही येऊ शकतात. दिनदर्शिकेवर आमचे चित्र छापू इच्छिणाऱ्यांना आम्ही दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची सही आणायला सांगतो.

१८. चित्र किती वर्षे टिकते? कोणी त्यावर काही लिहिले तर?

चांगल्या तयारीनंतर साधारण पाच पावसाळे. वापरलेल्या प्रत्येक रंगाचा छोटा डबा आणि त्याचा शेड क्रमांक जपून ठेवावा, म्हणजे डाग, जाहिरातीचा कागद किंवा कोणाचे नाव आठवडाभरात झाकता येते. प्रेमी युगुलांची नावे आम्ही दिवाळीपर्यंत राहू देतो.

१९. पुढे भिंत पाडायची किंवा तिच्यात दरवाजा काढायचा ठरले तर चित्राचे काय?

चित्र जाईल. करारात (प्रश्न १७) आम्ही हे स्पष्ट लिहिले आहे, की चित्र भिंत राखण्याचे कारण म्हणून वापरले जाणार नाही. शाळेच्या वाटेसाठी दरवाजा काढण्याचा वस्तीचा अर्ज (प्रश्न ५) सोसायटीच्या सभेपुढे दोनदा आला असून निर्णय झालेला नाही. तोपर्यंत दरवाजासाठी लागणारी चार फूट रुंदीची जागा दोन्ही बाजूंनी एकाच साध्या मातकट रंगात ठेवली आहे, आणि तिच्या आसपासचे चित्र असे बेतले आहे की ती पट्टी काढून घेतली तरी काही तुटणार नाही.